डाव्या पंखावरचा काप

१

शुक्रवारी सकाळी पहिल्याच पेशंटची दाढ कोरत होतो, तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला.

"दादा, वहिनीला घेऊन आत्ताच्या आत्ता हँगरवर ये. कुणीतरी पंख फाडलाय."

पेशंटचा आ वासलेला होताच, आता माझाही वासला. दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं, त्याला सोमवारी बोलावलं आणि बायकोला तिच्या ऑफिसातून उचलून निघालो.

आमच्या वडिलांचं विमान आहे म्हटलं की लोक आम्हाला नवाब समजतात. हे विमान म्हणजे दोन माणसं एकामागे एक बसतील एवढंच. लाकडाच्या हाडांवर ताणून बसवलेलं कापड, आणि वयानं बाबांपेक्षाही मोठं. बाबा ऐंशीचे. तीन वर्षांपूर्वी उतरताना एक चाक खड्ड्यात गेलं आणि डावा पंख मधोमध मोडला. बाबांना खरचटलंसुद्धा नाही, पण डॉक्टरांनी त्यांचं उडणं बंद केलं. तेव्हापासून ते रोज हँगरमध्ये खुर्ची टाकून दुरुस्ती बघत बसायचे. परवा रविवारी धाकटी ते विमान एकटी उडवणार होती. त्या उड्डाणाच्या सरकारी परवानगीची मुदत त्याच दिवशी संपत होती. पुन्हा कागदी घोडे नाचवायचे म्हणजे सहा महिने गेले, आणि बाबांना आणखी सहा महिने थांबा म्हणायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

माझी बायको विमा कंपनीत नुकसान तपासते. आग लागली की लावली, हे ती राखेकडे बघून सांगते. अशा बाईबरोबर मी वीस वर्षं संसार केला आहे, तेव्हा माझ्या सहनशक्तीची कल्पना तुम्हाला यावी.

हँगरमध्ये बर्फासारखा गारठा होता. विमान मधोमध उभं होतं आणि त्याच्या डाव्या पंखाला खालच्या बाजूनं काप गेला होता. हातभर सरळ, मग काटकोनात वळून वीतभर. कापडाचा कोपरा खाली लोंबत होता.

बायको पंखाखाली उताणी झोपली आणि भिंग लावून बराच वेळ बघत राहिली. मग बाहेर येऊन पदराची धूळ झटकत म्हणाली, "एकही टाका तुटलेला नाही."

"म्हणजे ठिगळ लावलं की झालं," बाबा खुर्चीतून म्हणाले. "आज ठिगळ, उद्या लेप, परवा उड्डाण."

"नाही बाबा. ज्यानं हे केलं त्यानं का केलं, आणि आणखी काय करून ठेवलंय, ते कळल्याशिवाय तुमची लेक यात बसणार नाही."

आमच्या घरात बाबांशी या सुरात बोलणारी ती एकटीच. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"शोधायचं काय आहे त्यात?" मागून आवाज आला. पंखाचं सगळं लाकूडकाम करणारे सुतारकाका कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी बोट समोर रोखलं. "फाडणारा हा काय, तुमच्या पुढ्यात उभा आहे."

बोटाच्या टोकाला इंजिनवाले तात्या होते. त्यांच्या हातातला पाना खाली पडला.

२

हँगरच्या कोपऱ्यात सुतारकाकांची छोटी खोली आहे. आत हीटर होता. मी लगेच त्याच्या शेजारची जागा पटकावली. तपास कुणीही करो, ऊब आपल्याला मिळाली पाहिजे.

हीटरच्या वर एका फळीवर लाकडाचे मोडके तुकडे ओळीनं मांडले होते. प्रत्येकावर पेन्सिलीनं तारीख.

"हे काय जपून ठेवलंय, काका?" बायकोनं विचारलं.

"माझी प्रमाणपत्रं आहेत ती." म्हातारा खुलला. "सरस दर वेळी ताजा कालवायचा असतो. आता तो दोन डब्यांतून येतो, पण मी सरसच म्हणतो. तर जेव्हा जेव्हा कालवायचा, तेव्हा त्यातलाच थोडा घेऊन लाकडाचे दोन टाकाऊ तुकडे चिकटवायचे. दुसऱ्या दिवशी हातोडीनं फोडायचे. लाकूड फाटलं तर सरस पक्का. चिकटवलेल्या जागीच सुटलं, तर केलेलं काम उचकटून पुन्हा पहिल्यापासून."

"डाव्या पंखाचा तुकडा कुठला?"

त्यांनी न शोधता उचलून दिला. तारीख गेल्या महिन्याची अठरा. 'डावा, मोठा सांधा.' लाकडाचे तंतू ओरबाडून निघाले होते, पण सरसाची रेघ जागची हलली नव्हती. पंखाचा मुख्य दांडा मोडला होता, त्याला नवं लाकूड जोडलेला सांधा तो हाच.

"सरकारी तपासनीससुद्धा हा तुकडा बघून गेले. मगच कापड चढवलं." काकांनी तुकडा परत हातात घेतला. "थंडीत सरस धरत नाही, पहिली रात्र ऊब लागते. म्हणून सांध्याला कांबळं गुंडाळून आत दोन मोठे दिवे लावून ठेवतो. चूक व्हायला जागाच नाही. डोळे आता दगा देतायत माझे, हे शेवटचं काम. मी गेल्यावरही लोक म्हणतील, सांधा कुणी केला होता बघा."

"आणि तात्यांनी पंख का फाडावा?"

काकांचा चेहरा आंबला. "त्याला झाडलोटीचं वेड आहे. माझे असे दोन तुकडे विमानाखाली ठेवले होते, ते त्यानं कचरा म्हणून केराच्या टोपलीत टाकले. तुकडा गेला म्हणजे पुरावा गेला! आख्खी दुसरी जोडणी उचकटावी लागली मला. त्या दिवसापासून तुकडे इथं आणून ठेवतो. आणि त्याच्याशी बोलत नाही. झाले की अडीच महिने."

"अडीच महिने न बोलता एका विमानावर काम?"

"माझी सून असते ना इथं कापडकामाला, ती मधे. मी तिला सांगतो, ती त्याला सांगते. त्याचं ती मला सांगते. छान चाललंय."

मला हसू आलं. बायकोला आलं नाही. दाराशी जाऊन ती वळली. "काका, तो काप बरोबर या सांध्याच्या खाली आहे. होय ना?"

काकांनी हातातल्या तुकड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हो."

"कापड चढल्यावर सांधा कुठे आहे ते बाहेरून कळतं?"

"छे. मलासुद्धा मोजून काढावं लागेल."

"मग फाडणाऱ्याला कसं कळलं?"

हातातला तुकडा काकांनी पुन्हा फळीवर ठेवला, पण चुकीच्या जागी.

३

तात्यांचा कोपरा इतका स्वच्छ होता की तिथं मला माझ्या दवाखान्याची लाज वाटली. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली आणि त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं. एकही आकृती रिकामी नव्हती. सुऱ्या तीन, तिन्ही जागच्या जागी आणि तिन्हींना तेलाचा हात.

"वहिनी," तात्या म्हणाले, "मला विमान थांबवायचं असतं तर मी कापड फाडलं असतं? इंजिनाचा एक स्क्रू अर्धा फेरा सैल केला असता. तुम्हाला सात जन्मांत सापडला नसता."

हे ऐकून धाकटी थेट इंजिनाकडे बघायला लागली. बायको मात्र मान डोलावून म्हणाली, "बरोबर आहे."

"त्या म्हाताऱ्याबरोबर मी चाळीस वर्षं एका डब्यातून जेवलो. दोन लाकडाचे चिटोरे मी टाकले काय आणि हा माणूस माझं तोंड बघेना. चूक झाली म्हणायला गेलो तर पाठ फिरवून रंधा मारत बसला. मग मीही म्हटलं, जा उडत."

"काल ते हॉटेलवाले आले होते म्हणे?"

एका हॉटेलमालकाला हे विमान त्याच्या दिवाणखान्यात छताला टांगायचं होतं. त्यानं बाबांना तीनदा विचारलं होतं आणि बाबांनी त्याला तिन्ही वेळा दार दाखवलं होतं. गुरुवारी तो टेप घेऊन मापं काढायला टपकला होता.

"आला होता. मी सावलीसारखा त्याच्याबरोबर होतो," तात्या म्हणाले. "पंख कुठला नि शेपटी कुठली हे त्याला मीच दाखवलं. तो कसला सांधा ओळखतोय! शिवाय त्याला विमान सजवायला हवंय, फाटकं घेऊन काय करील?"

"किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?"

"माझ्याकडे आणि सुतारकाकांच्या घरी. सकाळी मी उघडतो, संध्याकाळी मी बंद करतो."

इतक्यात बाबा काठी टेकत आले. ते तात्यांकडे बघत नव्हते, आणि ते तात्यांच्या लगेच लक्षात आलं.

"मी काही म्हणत नाही," बाबा म्हणाले. "पण सगळं उलगडेपर्यंत तुझी किल्ली माझ्याकडे असू दे."

तात्यांनी जुडग्यातून किल्ली काढली. त्यांची बोटं एरवी डोळे मिटून इंजिन जोडतील, पण ती एक कडी उघडायला त्यांना बराच वेळ लागला. किल्ली बाकावर ठेवून त्यांनी फडक्यानं हात पुसले. हात स्वच्छच होते.

"हे उलगडलं नाही तर?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

बायको खोटा दिलासा देत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच उलगडायला हवं."

४

उरली होती ती सुतारकाकांची सून. तिला सगळे शिवणताई म्हणतात. पंखावरचं कापड तिनं चढवलं होतं आणि प्रत्येक बरगडीला हातानं टाके घालून ते तिनंच बांधलं होतं. पाचएकशे टाके, एकसारखे. आपल्याच कामावर सुरी चाललेली बघून मी थयथयाट केला असता. ती तिच्या मशीनशी शांत बसून दोरा गुंडाळत होती.

"ठिगळाला किती वेळ लागेल?" बायकोनं विचारलं.

"आठ दिवस."

धाकटी उसळली. "आठ दिवस? गेल्या महिन्यात शेपटीचं ठिगळ तू जेवायच्या सुट्टीआधी लावलं होतंस!"

"ते वेगळं, हे वेगळं." शिवणताईनं मान वर केली नाही. "इथं सबंध पट्टा उसवायला हवा. आतून नीट बघायला हवं."

"आत काय बघायचं?"

"आता मला काय माहीत, वहिनी? कुणी फाडलंय म्हणजे आत काही केलं नसेल कशावरून?"

बॅटरी घेऊन आम्ही सगळ्यांनी कापातून डोकावून बघितलं. सांधा गुळगुळीत, रेघ बारीक, सगळं जागच्या जागी. सुतारकाकांनी तर आत हात घालून कुरवाळलंच. "ठणठणीत!" ते म्हणाले. शिवणताई त्यांच्या पाठीमागे उभी होती. ती काहीतरी बोलणार असं मला वाटलं, पण तिनं ओठ मिटले.

"सासरेबुवा ऐकतात का हो तुमचं?" बायकोनं तिला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मामंजी चांगले आहेत."

"ते मी विचारलं नाही. मी माझ्या सासऱ्यांना तोंडावर सांगते, तरी ऐकत नाहीत."

शिवणताई पहिल्यांदाच हसली, आणि लगेच तिचे डोळे भरून आले. "ज्यांनी शिकवलं त्यांना कसं सांगायचं, वहिनी?" एवढंच म्हणून ती दोरा आणायला म्हणून निघून गेली.

घड्याळात पाच वाजले आणि एकदम सगळीकडे काळोख झाला. मी शिडीवर आपटलो.

"तात्याऽ!" धाकटी ओरडली. "आम्ही आहोत अजून आत!"

"माहीत आहे!" दाराशी तात्यांचा आवाज आला. "किल्ली घेतलीत, बटण नाही घेतलंत. पेट्रोल आहे इथं. पाच वाजले आणि कुणाचा निरोप नसला की मुख्य बटण बंद. चाळीस वर्षांत एक दिवस चुकला नाही."

मी गुडघा चोळत यथेच्छ बोलत होतो. बायकोनं माझा दंड घट्ट धरला.

"अहो, ओरडू नका. ती खोली बघा."

सबंध हँगर काळोखात बुडाला होता. एकट्या सुतारकाकांच्या खोलीच्या काचेतून पिवळा उजेड येत होता आणि आत हीटरची तार लाल दिसत होती.

"त्या खोलीची लाईन वेगळी आहे," धाकटी म्हणाली. "ती आधी ऑफिसची होती. हीटर रात्रभर चालूच असतो. त्यात काय?"

५

जेवताना बायको गप्प होती. ती गप्प असली की मी जास्त बोलतो, तसा बोलत होतो. हँगरमधल्या गारठ्यावरून गाडी माझ्या दवाखान्यावर आली.

"हिवाळ्यात एक बरं असतं. सिमेंट निवांत कालवता येतं. उन्हाळ्यात तर मी काचेची पाटी आधी फ्रिजमध्ये ठेवतो. थंड पाटीवर ते सावकाश घट्ट होतं. गरम पाटीवर घेतलं तर पेशंटच्या तोंडात जाईपर्यंत दगड."

"एकच सिमेंट?" बायकोनं विचारलं.

"एकच. डबीही तीच. पाटी कुठं होती त्यावर सगळं."

तिचा घास हातातच राहिला. वीस वर्षांत माझ्या बोलण्यानं असं प्रथमच घडत होतं, म्हणून मी जरा ताठ बसलो.

"तुकडा आणि सांधा," ती स्वतःशीच म्हणाली. "सरस एकच. डबाही तोच." मग तिनं धाकटीला फोन लावला. "हजेरीची वही आहे ना तुझ्याकडे? अठरा तारखेला रजेवर कोण होतं?"

पलीकडे पानं चाळल्याचा आवाज आला. "सुतारकाका दुपारी गेले, डोळे दाखवायला. आणि शिवणताई दिवसभर नव्हती. तिच्या मुलीला ताप होता. का गं?"

बायकोनं फोन ठेवला. तिचा रंग उतरला होता. "उद्या सकाळी सगळ्यांना हँगरवर बोलवा. आणि बाबांच्या गोळ्या बरोबर घ्या."

"फाडलं कुणी ते कळलं?"

"ते दुपारीच कळलं होतं. का फाडलं ते आत्ता कळलं. अहो, रविवारी ती यात बसली असती."

मी बाबांच्या गोळ्या शोधायला उठलो.

६

शनिवारी सकाळी सगळे विमानाभोवती गोळा झाले. बाबा खुर्चीत, सुतारकाका आणि तात्या एकमेकांकडे पाठ करून, शिवणताई पंखाच्या टोकाशी, धाकटी माझ्या शेजारी.

"आधी फाडणाऱ्याबद्दल," बायको म्हणाली. "काप कापडाच्या विणीला धरून सरळ गेलाय. तो दोन बरगड्यांच्या बरोबर मधून गेलाय आणि एकाही टाक्याला लागलेला नाही. नुकसान करणारा माणूस असा कापत नाही. पुन्हा शिवायचं आहे हे ज्याच्या हातालाच ठाऊक असतं, तोच असा कापतो. दुसरं, आत सांधा कुठे आहे हे बाहेरून दिसत नाही. ते सुतारकाकांना ठाऊक, आणि कापड चढवताना जिनं तो बघितला, तिला. काकांना मोजावं लागतं, डोळेही साथ देत नाहीत. तिसरं, तिच्या घरी किल्ली आहे. आणि चौथं, अर्ध्या दिवसाच्या ठिगळाला जी आठ दिवस मागते तिला ठिगळ लावायचं नसतं, पंख उघडायचा असतो."

सगळ्यांच्या माना शिवणताईकडे वळल्या. तिनं नाही म्हटलं नाही.

"तू?" सुतारकाकांचा आवाज चिरकला. "स्वतःचं काम? आणि मी या माणसावर आळ घेतला?"

"मामंजी, लेप दिल्यावर कापड ढोलासारखं ताणतं. सगळं ताणलं. एवढ्या एका खणात सुरकुती आली. मी परत लेप दिला, चार दिवसांनी ती परत आली. कापड सरकत नाही, मामंजी. आतलं काहीतरी सरकत होतं."

"मला सांगायचं होतंस!"

"सांगितलं होतं. तुम्ही तुकडा काढून दाखवलात. म्हणालात, सुरकुती तुझ्या हाताची आहे." तिनं डोळे पुसले. "मला खात्री नव्हती. खोटं ठरलं असतं तर तुमच्या शेवटच्या कामाला मी डाग लावला असं झालं असतं. म्हटलं, कापड फाटलं की कुणीतरी आत बघेलच. सगळ्यांनी बघितलं, आणि सगळे ठणठणीत म्हणाले. आज संध्याकाळपर्यंत पंख उघडला नसता तर मी दुसराही फाडला असता. ताईंना यात बसू दिलं नसतं."

"पण तुकडा पक्का आहे!" काका ओरडले. "सरस तोच!"

"सरस तोच," बायको म्हणाली. "तात्या, अठरा तारखेला संध्याकाळी मुख्य बटण बंद केलंत?"

"केलं. रोजच करतो. सरसाचे दिवे लागलेले असले की तेवढं चालू ठेव म्हणून निरोप येतो. त्या दिवशी आला नाही. कांबळ्यातून उजेड बाहेर येत नाही, मला काय कळणार?"

"निरोप दिला होता मी! वाटलं, ही दुपारनंतर कामावर येईल. डोळे दाखवायला जाताना चिठ्ठी लिहून हिच्या मशीनवर…" सुतारकाका तिथंच थांबले.

"मी रजेवर होते," शिवणताई हळू म्हणाली. "चिठ्ठी मला दुसऱ्या दिवशी मिळाली. दिवे लागलेले होते. मला वाटलं, रात्रभर होते."

"सकाळी बटण मीच चालू करतो," तात्या म्हणाले.

बाकीचं बायकोला सांगावं लागलं नाही. पहिली सबंध रात्र सांधा गारठ्यात होता, आणि त्याच सरसाचा तुकडा हीटरवरच्या फळीवर, वेगळ्या लाईनच्या उबेत मजेत वाळत होता. तुकडा विमानाखालीच राहिला असता तर सकाळी फोडताना त्यानं खरं सांगितलं असतं. पण विमानाखाली ठेवलं की तात्या झाडून टाकत, आणि तात्यांशी बोलणं बंद होतं.

सुतारकाकांनी कुणालाही पुढे येऊ दिलं नाही. स्वतः कापड उसवलं. पातळ पटाशी सांध्याच्या रेघेवर टेकवली आणि हातोडी न उचलता, नुसत्या तळव्यानं दाबली.

टक् असा बारीक आवाज आला आणि सांधा उघडला. लाकडाचा एक तंतूसुद्धा फाटला नव्हता.

धाकटी मटकन खाली बसली. मी तिच्या शेजारी बसलो आणि तिचा हात धरला, सातवीनंतर पहिल्यांदाच. बाबा खुर्चीतून उठले, आले, त्या उघड्या सांध्याकडे बघितलं आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. "मीच ठिगळ लावा म्हणत होतो," ते म्हणाले. हेच चार-पाच वेळा म्हणाले. मी गोळी दिली, त्यांनी घेतली. मला इतकं सुटल्यासारखं वाटत होतं की मी पाण्याचा पेला स्वतःच पिऊन टाकला आणि बाबांना दुसरा आणून द्यावा लागला.

७

सुतारकाकांनी पटाशी बाकावर ठेवली. मग तात्यांनी घसा खाकरला.

"बटण मी बंद केलं," ते सुतारकाकांच्या पाठीकडे बघून म्हणाले.

काका वळले नाहीत. "मी सांगायला हवं होतं."

"जाताना माझ्यासमोरूनच गेलास. तोंड होतं ना?"

"होतं."

"मग?"

"तुझ्याशी बोलायचं नव्हतं," काका म्हणाले, आणि अडीच महिन्यांनी त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आधी तात्यांना हसू फुटलं. काकांना हसायला येत होतं की रडायला, ते त्यांनाही कळत नसावं. बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि तात्यांच्या हातात ठेवून हात तसाच धरून ठेवला.

काकांनी कामाची वही मागवली. अठरा तारखेच्या ओळीवर काट मारली, बाजूला 'सांधा सुटला, पुन्हा करणे' असं लिहिलं आणि सही केली. मग पेन शिवणताईपुढे धरलं.

"इथं सही कर."

"मी? मामंजी, लाकडाचं मला काय कळतं?"

"मला जे दिसलं नाही ते तुला दिसलं. यापुढे माझ्या प्रत्येक सहीखाली तुझी सही. तुझी नसेल तर माझीही कुणी धरायची नाही." म्हाताऱ्यानं हे सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, आणि मग मान खाली घातली. तिनं सही केली. अक्षर तिच्या टाक्यांसारखंच एकसारखं होतं.

परवानगीची मुदत गेली ती गेलीच. बाबा सहा महिने थांबले, आणि कुरकुर केली नाही हे मी शपथेवर सांगतो. नवा सांधा झाला तेव्हा सरसाचा तुकडा सांध्याला दोरीनं बांधून ठेवला होता आणि रात्रभर दिव्यांशी तात्या स्वतः खुर्ची टाकून बसले होते. सकाळी तुकडा हातोडीखाली फुटला तेव्हा लाकडाच्या चिंध्या झाल्या. बायकोनं तो दोनदा फिरवून बघितला, तेव्हा कुठे कापड चढलं.

उड्डाणाच्या सकाळी आम्ही सगळे धावपट्टीच्या कडेला होतो. विमान वर उठलं, वळलं, डोक्यावरून गेलं. बाबा उभे राहून टोपी हलवत होते. बायकोनं माझं मनगट इतकं दाबलं होतं की दोन दिवस मला नीट दाढ कोरता आली नाही.

सुतारकाका एकटेच आकाशाकडे पाठ करून बाकावर बसले होते. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही मुठी गुडघ्यांवर. शिवणताई त्यांच्या शेजारी उभी राहून बघत होती.

"कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"वळली, मामंजी. उतरायला आली."

"पंख?"

"सरळ आहेत."

इंजिनाचा आवाज खाली आला, जवळ आला, मंदावला.

"टेकली?"

"टेकली."

"दोन्ही चाकं?"

"दोन्ही."

"आणि शेपटी?"

"शेपटीपण टेकली, मामंजी. आता डोळे उघडा."